विकायला न काढलेलं घर

इंडियानापोलिस शहर ज्या मॅरियन काउंटीत येतं, तिथल्या कुठल्याही घराची मालमत्ता कराची नोंद घरबसल्या बघता येते. नोंदीत घराचा पत्ता असतो आणि कराचं बिल कुठे पाठवायचं तो पत्ताही असतो. मालक त्याच घरात राहत असेल तर दोन्ही पत्ते एकच. पण घर इंडियानापोलिसच्या पूर्व भागात आणि बिल जातंय कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला, असं दिसलं तर त्या घरात बहुधा भाडेकरू आहे, नाहीतर घराला कुलूप आहे. इंडियानात हे ताडायला आणखी एक खूण सापडते. तिथे मालमत्ता कराची कमाल मर्यादा थेट राज्यघटनेतच घातली आहे: राहत्या घराला मूल्यांकनाच्या १ टक्का, भाड्याने दिलेल्या घराला २ टक्के, दुकानं-कारखान्यांना ३ टक्के. मतदारांनी वेगळा मंजूर केलेला कर सोडला तर दोन लाख डॉलर मूल्यांकनाच्या घरावर राहता मालक जास्तीत जास्त २,००० डॉलर भरतो, घर भाड्याने देणारा ४,०००पर्यंत. त्यामुळे राहत्या घराची सवलत कुणी घेतलेली नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ कळतं.

दोन पत्त्यांतल्या या फरकावर अमेरिकेत एक धंदा उभा आहे. भाड्याने देण्यासाठी घर विकत घ्यायचंय, पण बाजारात आलेल्या घरांवर उड्या पडतात. मग जी घरं बाजारात आलेलीच नाहीत त्यांच्या मालकांना थेट पत्र लिहायचं: ‘तुमचं घर विकणार का?’ व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात कागदाचं पत्र, पाकीट, तिकीट. ऐकायला जुनाट वाटतं, पण अमेरिकेच्या टपाल खात्याकडून अजूनही वर्षाला पन्नास अब्जांहून जास्त जाहिराती पत्ररूपाने जातात. त्यातली काही या घर मागणाऱ्यांची.

आधी बाजार म्हणजे काय ते बघू. तिथे घर विकायचं म्हणजे एजंट नेमायचा. तो घर एमएलएस या एजंटांच्या सामायिक यादीवर चढवतो, तिथून ते झिलोसारख्या संकेतस्थळांवर दिसू लागतं. घर बरं असेल तर पहिल्याच शनिवार-रविवारी गिऱ्हाइकांची रीघ लागते. एकाच घरावर चार बोली आल्या की भाव चढतो, आणि भाड्याच्या हिशेबाने घर घेणारा तिथे मागे पडतो. त्याचं गणित साधं असतं: येणाऱ्या भाड्यातून कर्जाचा हप्ता, कर, विमा, दुरुस्ती जाऊन काही उरायला हवं. स्वतः राहायला घर घेणारा असं गणित मांडत नाही. त्याला स्वयंपाकघर आवडलं की तो दहा हजार डॉलर वर चढवतो.

भाड्याची घरं म्हटली की आता लोकांच्या डोळ्यांसमोर मोठ्या कंपन्या येतात. ते साहजिकही आहे. २०१२च्या सुमारास ब्लॅकस्टोन या बड्या गुंतवणूक कंपनीने बुडीत कर्जांतली सुटी घरं हजारोंनी विकत घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून वर्तमानपत्रांत तीच चर्चा आहे. पण २०१८च्या सरकारी पाहणीत अमेरिकेतल्या सुमारे २ कोटी भाड्याच्या मालमत्तांपैकी ७० टक्क्यांहून जास्त साध्या व्यक्तींच्या नावावर होत्या. मोठमोठ्या इमारती कंपन्यांकडे असतात म्हणून एकूण बिऱ्हाडांचा हिशेब केला तर व्यक्तींचा वाटा निम्म्याच्या खाली येतो, हे खरं. तरी सुटं घर, दोन बिऱ्हाडांचं जोडघर अशा मालमत्तांचा नेहमीचा मालक म्हणजे निवृत्त शिक्षिका, प्लंबर, बदलीमुळे दुसऱ्या राज्यात गेलेला इंजिनियर, नाहीतर आईवडिलांचं घर वाट्याला आलेली बहीणभावंडं. पत्र जातं ते या माणसांना.

हा मालक एजंटाकडे का जात नाही? घरात भाडेकरू असतो. विक्रीची पाटी लागली की तो धास्तावतो, दर दोन दिवसांनी कुणीतरी घर बघायला येणार म्हणून वैतागतो, आणि पुष्कळदा दुसरीकडे जागा बघून निघूनच जातो. भाडं बंद, घर रिकामं, आणि रिकाम्या घराचा विमाही महाग. शिवाय घर दाखवायचं तर आधी रंग, गालिचे, गळकं छप्पर हे सगळं करून घ्यायचं, तेही हजार मैलांवरून. एजंटांची दलाली वर्षानुवर्षं ५-६ टक्क्यांच्या घरात राहिलेली आहे. हे सगळं पटण्यासारखं आहे. पण खरा अडसर कराचा असतो, आणि तो समजून घेतल्याशिवाय हा सगळा पत्रव्यवहार कळत नाही.

भाड्याने दिलेल्या घरावर अमेरिकेत घसारा मिळतो. जमीन वगळून इमारतीची किंमत साडेसत्तावीस वर्षांत समान भागांत वजा होते आणि तेवढं भाड्याचं उत्पन्न दरवर्षी करापुरतं कमी धरलं जातं. समजा १९९५ मध्ये एकाने ८०,००० डॉलरला घर घेतलं. त्यात जमीन १६,०००ची आणि इमारत ६४,०००ची. दरवर्षी सुमारे २,३०० डॉलरचा घसारा. २०२३ उजाडेपर्यंत तो संपला. आता घराची किंमत २ लाख आहे. विकलं तर नफा १,२०,०००चा नाही, १,८४,०००चा धरला जातो, कारण घसाऱ्याने घराची मूळ किंमत खाऊन टाकलेली असते. घसाऱ्यातल्या ६४,०००वर २५ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर, उरलेल्यावर बहुतेकांना १५ टक्के. म्हणजे चौतीस हजारांपर्यंत कर, राज्याचा वेगळाच. हा आकडा बघून माणूस घर धरून ठेवतो. घसारा संपल्यामुळे भाड्यावर कर जास्त बसायला लागलेला असतो, भाडेकरूचे रात्रीचे फोन नकोसे झालेले असतात, तरीही तो विकत नाही. आणि त्याचा हिशेबनीस त्याला सांगतो की थांबलात तर बरं, कारण मालक वारला की वारसांसाठी घराची किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने धरली जाते. आयुष्यभर साचलेला नफा करापुरता पुसला जातो.

दुसरी वाट करकायद्यातल्या कलम १०३१ची. एक घर विकून त्याच पैशांतून दुसरी गुंतवणुकीची मालमत्ता घेतली तर कर पुढे ढकलता येतो. पण विक्रीनंतर ४५ दिवसांत नवी मालमत्ता हेरून लेखी कळवायची आणि १८० दिवसांत व्यवहार पुरा करायचा. सत्तरीच्या माणसाला ही धावपळ नको असते. शिवाय त्याला दुसरं घर नकोच असतं, आहे त्यातूनच सुटका हवी असते.

त्यामुळे अशा मालकाला पत्राने गळ घालून काही होत नाही. विकायचा विचार त्याच्या मनात अधूनमधून येऊन जातो: बॉयलर बसला, भाडेकरूने तीन महिने थकवले, बायकोचं दुखणं निघालं, मुलीने ‘बाबा, आता पुरे’ म्हटलं. त्या आठवड्यात त्याच्या टेबलावर एखादं पत्र पडलेलं असलं तर तो फोन करतो. नसलं तर ती वेळ निघून जाते. या धंद्यातलं बाकीचं सगळं कसब, म्हणजे यादी, कागद, अक्षर, पाठवण्याचं वेळापत्रक, या एका योगायोगाची शक्यता वाढवण्यापुरतं आहे.

यादीपासून सुरुवात करू. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत आणि प्रत्येकीची नोंदी ठेवण्याची तऱ्हा वेगळी. इंडियानात विक्रीची किंमत जाहीर करण्याचा फॉर्म भरावा लागतो आणि तो लोकांना पाहता येतो. टेक्सासमध्ये किंमत जाहीर करण्याची सक्ती नाही, त्यामुळे शेजारचं घर कितीला गेलं हे एजंटाखेरीज कुणाला धड कळत नाही. ओहायोत दोन लाखांहून जास्त वस्तीच्या काउंटीत भाड्याच्या घरांची नोंद काउंटी ऑडिटरकडे करावी लागते आणि राज्याबाहेरच्या मालकाला राज्यातला एक प्रतिनिधी नेमावा लागतो. पत्र लिहिणाऱ्याचं निम्मं काम सरकारनेच करून ठेवलेलं असतं.

सगळा मसाला एकत्र करून विकणाऱ्या कंपन्याही आहेत. त्यांच्याकडे चाळण्या तयार असतात: मालक दुसऱ्या राज्यात राहतो, घर वीस वर्षांपूर्वी घेतलेलं आहे, कर्ज फिटलेलं आहे, कर थकलेला आहे, महापालिकेने गवत वाढल्याची नोटीस काढलेली आहे, भाडेकरूला काढण्याचा दावा कोर्टात पडलेला आहे, मालक वारलेला असून वारसांचं प्रकरण चालू आहे. यातल्या एकेका चाळणीतून हजारो नावं पडतात. दोन-तीन चाळण्या एकावर एक ठेवल्या की नावं शे-पाचशेवर येतात, आणि तीच यादी कामाची. नवखे लोक पाच हजार पत्रं एकदम पाठवून मोकळे होतात आणि नंतर ‘हे काही चालत नाही’ म्हणून सांगत फिरतात.

यादी करण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे गाडी काढून गल्ल्या हिंडणं. पायरीवर साचलेली वर्तमानपत्रं, छपरावर ताडपत्री, वाढलेलं गवत, पन्हळीत उगवलेलं रोप, अशी घरं टिपायची आणि मग काउंटीच्या नोंदीत मालक शोधायचा. वेळ जातो, पण ही नावं विकतच्या यादीत नसतात. एक अडचण मात्र हल्ली वाढली आहे. पुष्कळ मालक घर एखाद्या एलएलसीच्या, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या कंपनीच्या, नावावर ठेवतात. मग राज्य सरकारच्या कंपनी नोंदणीत जाऊन त्या एलएलसीचा प्रतिनिधी कोण ते बघायचं. कधी मालकच सापडतो, कधी नुसतं एखाद्या वकिलाचं ऑफिस.

पत्त्यांच्या या उघडेपणालाही मर्यादा पडू लागल्या आहेत. जुलै २०२०मध्ये न्यू जर्सीत एका केंद्रीय न्यायाधीश बाईंच्या घरी हल्लेखोर आला आणि त्यांच्या तरुण मुलाला त्याने गोळ्या घातल्या. त्याच वर्षी राज्याने त्या मुलाच्या नावाने ‘डॅनियल्स लॉ’ केला. न्यायाधीश, सरकारी वकील, पोलीस यांनी मागणी केली तर त्यांचे घरचे पत्ते जाहीर नोंदींतून काढावे लागतात. मालमत्तेच्या नोंदी लोकांसाठी खुल्या ठेवण्यामागे कर आकारणी नीट होते ना ते कुणालाही तपासता यावं हा हेतू होता. त्या नोंदींचं पुढे काय काय होईल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नसणार.

आता पत्र. सर्वांत स्वस्त म्हणजे पोस्टकार्ड, पण ते पोस्टमनपासून घरातल्या पाहुण्यापर्यंत सगळे वाचतात. घर विकण्याचा विषय बायकोजवळही न काढलेल्या माणसाला ते आवडत नाही. म्हणून पाकीट. गेल्या काही वर्षांत पिवळ्या रेघांच्या कागदावर हाताने लिहिल्यासारख्या चिठ्ठीचं पेव फुटलं. सुरुवातीला लोक खरोखर हाताने लिहीत. मग यंत्रं आली, जी खरा पेन धरून लिहितात. ज्या मालकाच्या नावावर तीन-चार घरं आहेत त्याच्या टेबलावर आता दोन वेगवेगळ्या गृहस्थांच्या चिठ्ठ्या येतात आणि दोघांचं अक्षर तंतोतंत सारखं निघतं. तिसरी चिठ्ठी तो उघडतही नाही.

माझ्या मते साधं, टंकलिखित, एका पानाचं पत्र सगळ्यांत बरं. ते साधारण असं असावं: ‘अमुक रस्त्यावरचं तुमचं दोन खोल्यांचं वीटकाम केलेलं घर मी बाहेरून पाहिलं. मी याच भागात राहतो, जवळच माझी आणखी तीन घरं भाड्याने दिलेली आहेत. तुम्हाला ते कधी विकावंसं वाटलं तर कृपया मला कळवा. घर आहे त्या स्थितीत घेईन, भाडेकरूला काढणार नाही. मी एजंट नाही. तुमचा पत्ता काउंटीच्या कर नोंदीतून मिळाला. पत्र नको असेल तर या क्रमांकावर सांगा, पुन्हा पाठवणार नाही.’ खाली खरं नाव, खरा फोन. ‘वीटकाम केलेलं’ हा एक तपशील पत्र लिहिणारा तिथे जाऊन आल्याचं सांगतो, आणि ते यंत्राला जमत नाही. वारसांना लिहायचं तर आणखी जपून. माणूस जाऊन महिना झालेला नसताना ‘घर रोख घेतो’ असं पत्र पाठवणाऱ्यांची कमी नाही; त्यांना शिव्या पडतात त्या योग्यच.

काही जण सरकारी नोटिशीसारखं दिसणारं पाकीट पाठवतात, वर लाल अक्षरांत ‘अंतिम सूचना’. सरकारी पत्राचा भास निर्माण करणाऱ्या टपालावर अमेरिकेत १९९९च्या कायद्याने बंधनं घातलेली आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी ज्याच्याशी लाखांचा व्यवहार करायचा त्याच्याशी पहिली भेट फसवणुकीने करणं हे काही शहाणपणाचं नाही.

टपालाचे वर्ग इथे फार महत्त्वाचे. पहिल्या वर्गाच्या पत्राचं तिकीट जुलै २०२५मध्ये ७८ सेंटचं झालं. मालकाने घर बदललं असेल आणि तसं कळवलं असेल तर हे पत्र वर्षभर नव्या पत्त्यावर फुकट जातं, आणि पोचलंच नाही तर पाठवणाऱ्याकडे परत येतं. जाहिरातीच्या वर्गाचं टपाल त्याहून बरंच स्वस्त पडतं, पण एका खेपेला किमान २०० पत्रं किंवा ५० पौंड वजन लागतं, आणि वेगळी सूचना दिली नसेल तर न पोचलेलं पत्र टपाल खातं टाकून देतं. स्वस्त वर्ग घेणाऱ्याला म्हणून कधी कळतच नाही की यादीतले कितीजण तिथे राहतच नाहीत.

परत आलेल्या पाकिटावर पिवळी चिकटपट्टी असते: ‘पाठवणाऱ्याकडे परत, या पत्त्यावर पोचवता येत नाही’. नवखा माणूस हा गठ्ठा केराच्या टोपलीत टाकतो. मुरलेला माणूस आधी तोच गठ्ठा उघडतो. कारण कर नोंदीतला पत्ताच चुकीचा असेल तर इतर सगळ्यांची पत्रंही परत गेलेली असणार. कदाचित कराचं बिलही परत गेलं असेल. मालक वृद्धाश्रमात असेल, वारला असेल, किंवा आपल्या नावावर हे घर आहे हेच वारसांना ठाऊक नसेल. अशा मालकाला शोधून काढायला दोन संध्याकाळी घालवाव्या लागतात: जुन्या नोंदी, निधनवार्ता, शेजाऱ्यांकडे चौकशी. पण तिथपर्यंत पोचणारा तो एकटाच असतो.

शेजाऱ्यांकडे चौकशीला गेलात तरी चिठ्ठी त्यांच्या टपालपेटीत टाकायची नाही. तिकीट न लावलेला कागद कुणाच्या टपालपेटीत टाकणं हा अमेरिकेत १९३४पासून गुन्हा आहे. एका नागरी संघटनेने याविरुद्ध दाद मागितली होती. १९८१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. पेटी तुमच्या अंगणात, तुमच्या पैशाने आणलेली, तरी तीत काय पडावं हे टपाल खातं ठरवतं.

खर्चाचा अंदाज असा. समजा यादी ६०० नावांची आणि वर्षात पाच वेळा पत्र. ३,००० पत्रं, कागद-छपाई-तिकीट धरून प्रत्येकी १ डॉलर १० सेंट, ३,३०० डॉलर. या धंद्यातले लोक शंभर पत्रांमागे अर्धा ते दोन फोन धरून चालतात. शंभरामागे एक धरला तर वर्षाला तीस फोन. त्यातले निम्मे ‘माझं नाव काढा’ म्हणायला, काही नुसता भाव काढायला. आठ-दहा जण खरंच बोलतात, दोघा-तिघांचा भाव जमण्यासारखा असतो, एखादा व्यवहार होतो. म्हणजे एका घरामागे तीन-साडेतीन हजार डॉलर. दलालीच्या मानाने हा खर्च काहीच नाही, पण वर्षभर खिशातून जात राहतो आणि पहिले सहा महिने हाती काही लागत नाही. बहुतेकजण दुसऱ्या पत्रानंतर थांबतात.

फोनवर मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘माझा पत्ता कुठून मिळाला?’ खरं सांगितलं की राग निम्मा उतरतो. मग त्याला बोलू द्यायचं. दहा मिनिटं तो छपराबद्दल बोलेल, भाडेकरूबद्दल बोलेल, आणि मग त्यातून कळेल त्याला पैसे हवेत, सुटका हवी की दर महिन्याचं उत्पन्न. १९९५चं घर धरून बसलेल्या मालकाला पुष्कळदा हा तिसरा मार्ग पटतो. २ लाखांतले ४०,००० आता घ्यायचे, बाकीचे १,६०,००० व्याजासह वीस वर्षांच्या हप्त्यांनी, घर त्याच्याकडेच गहाण. बँक मध्ये नाही. करापुरता नफाही हप्त्यांबरोबर त्या त्या वर्षांत वाटला जातो. त्याला भाड्यासारखी रक्कम मिळत राहते, फक्त रात्री फोन येत नाहीत. घर खुल्या बाजारात गेलं असतं तर असा सौदा सुचवायला कुणाला उसंतच मिळाली नसती. बाजाराबाहेरच्या खरेदीचा खरा फायदा मला इथे दिसतो. पडक्या भावात घर लाटण्यात तो नाही.

पुढची कागदपत्रं नेहमीचीच: इसार, टायटल कंपनीकडून मालकीचा शोध, थकलेला कर आणि बोजा तपासणं, मालकीचा विमा. एक कागद मात्र भाड्याच्या घरात विसरू नये. भाडेकरूकडून सही घ्यायची की भाडं किती, अनामत किती, करार कधी संपतो आणि मालकाने आणखी काय कबूल केलंय. नाहीतर खरेदीखत झाल्यावर कळतं की आधीच्या मालकाने छप्पर भाडेकरूकडून करून घेऊन आठ महिने भाडं माफ केलं होतं.

आता याची दुसरी बाजू. पत्र पाठवणाऱ्याला घराचा भाव ठाऊक असतो, मालकाला नसतो. मुलं लांब असलेली ऐंशीची आजी तीस वर्षांपूर्वीच्या भावाच्या दुप्पट मिळाले म्हणून खूश होते, आणि घर मूळ भावाच्या चौपट किमतीचं निघतं. ‘वुई बाय अग्ली हाउसेस’ अशा पाट्या लावणारी होमव्हेस्टर्स ही या क्षेत्रातली मोठी साखळी. तिच्या काही शाखाचालकांनी वृद्ध, आजारी, अडलेल्या मालकांना गाठून घरं घेतल्याचं ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने २०२३मध्ये सविस्तर छापलं. पत्र पाठवणाऱ्यांत ज्यांना घर घ्यायचंच नसतं असेही पुष्कळ असतात. ते मालकाकडून स्वस्तात करार लिहून घेतात आणि तो करारच तिसऱ्याला जास्त पैशांत विकतात. इलिनॉयने २०१९मध्ये, ओक्लाहोमाने २०२१मध्ये यावर परवान्याची अट घातली. पेनसिल्व्हेनियाच्या २०२४च्या कायद्याने अशा करारातून ३० दिवसांत माघार घेण्याचा हक्क मालकाला दिला.

अशा दारठोठावणीला तिथे आणखी एक वाईट इतिहास आहे. १९५०-६०च्या दशकांत शिकागोसारख्या शहरांत दलाल गोऱ्या वस्त्यांमध्ये पत्रकं वाटत आणि फोन करत: कृष्णवर्णीय येताहेत, भाव पडायच्या आत विका. घाबरलेल्या लोकांची घरं स्वस्तात घेऊन तीच कृष्णवर्णीय कुटुंबांना अव्वाच्या सव्वा भावात हप्त्यांनी विकत. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याने असं घाबरवणं बेकायदा ठरवलं. न्यूयॉर्क शहराच्या काही ठरावीक भागांत राज्य सरकारकडे नाव नोंदवून मालक सांगू शकतो की घर विकण्याबद्दल मला कुणी विचारू नका. मग त्याला पत्र पाठवणंच बेकायदा ठरतं. इतरत्रही एक अस्त्र आहे. नकोसं अश्लील टपाल थांबवण्यासाठी केलेल्या कायद्याबद्दल १९७०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की काय नकोसं ते ज्याच्या घरी टपाल येतं त्याने ठरवायचं. त्यामुळे टपाल खात्याचा १५०० क्रमांकाचा अर्ज भरून जाहिरात पाठवणाऱ्या कुठल्याही एकाला बंद करता येतं. कदाचित घर मागणाऱ्यालासुद्धा.

मात्र सगळ्याच अडलेल्यांना पत्र नको असतं असंही नाही. मिनेसोटातल्या जेराल्डिन टायलर या नव्वदी ओलांडलेल्या बाईंचं घर सुमारे १५,००० डॉलर थकबाकीपोटी काउंटीने ताब्यात घेऊन ४०,०००ला विकलं आणि वरची रक्कमही ठेवून घेतली. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती काउंटीला ठेवता येणार नाही असा निकाल दिला. थकबाकी वाढत असताना कुणी रास्त भाव देणारं पत्र आलं असतं तर एवढं रामायण कदाचित झालं नसतं.

या याद्यांत मराठी नावंही असतात, दोन्ही बाजूंना. डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत राहून दुसऱ्या राज्यात भाड्याची घरं घेणारी मराठी मंडळी आहेत, आणि अमेरिकेतलं घर भाड्याने देऊन पुण्यात परतलेलीही आहेत. या परतलेल्यांकडे सहसा पत्र जात नाही, कारण घाऊक टपालाचे सवलतीचे दर देशातल्या पत्त्यांपुरतेच. त्यांच्यासाठी हिशेबही निराळा आहे. अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड नसलेल्या परदेशस्थाने घर विकलं तर खरेदीदाराला साधारणपणे विक्रीच्या रकमेतले १५ टक्के कापून तिथल्या करखात्यात भरावे लागतात. प्रत्यक्ष कर कमी असेल तर नंतर परतावा. आणि ‘मरेपर्यंत विकू नका’ हा सल्ला त्यांना आंधळेपणाने लावता येत नाही, कारण नागरिक नसलेल्या परदेशस्थाच्या अमेरिकेतल्या मालमत्तेवर वारसाकराची सूट अवघी ६०,००० डॉलर आहे. वरच्या रकमेवर कर ४० टक्क्यांपर्यंत चढतो.

हाच प्रयोग पुण्यात करून पाहायचा म्हटलं तर गाडी पत्त्यावरच अडते. सातबारा ऑनलाइन आहे, पण त्यात मालकाचा टपालाचा पत्ता नसतो. नोंदणी खात्याच्या सूची क्रमांक दोनमध्ये पत्ता असतो, तो दस्त झाला त्या दिवशीचा. फ्लॅट घेणारा तेव्हा सदाशिव पेठेत भाड्याने राहत असेल तर पंधरा वर्षांनीही तोच. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते आणि त्यासाठी पीटी-३ अर्ज भरून घेते. म्हणजे कुठल्या फ्लॅटमध्ये मालक राहतो हे कुठेतरी लिहिलेलं आहे, पण त्यावरून कुणाला यादी काढता येत नाही. बंद फ्लॅटचा मालक ह्यूस्टनला असतो की नाशिकला, हे विचारायला आजही सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जावं लागतं. आणि त्यांनी फोन नंबर द्यायचा की नाही, हे ते तुमच्याकडे बघून ठरवतात.